मॉइश्चर मीटर घ्यावा का? चिऱ्याची भिंत, पश्चिमेची झड आणि दोन पिना

हजार-दीड हजार रुपयांना मिळणारा दोन पिनांचा मॉइश्चर मीटर घरात असावा का? असावा. पण वॉटरप्रूफिंगचा अंदाज द्यायला येणारा माणूस तो जसा वापरतो, तसाच वापरायचा असेल तर पैसे वाचवा. पोपडे धरलेल्या जागी पिना टोचायच्या, लाल दिवा लागून टूंटूं वाजलं की ‘बघा, भिंत पूर्ण प्यायलीय’ म्हणायचं आणि चौरस फुटाचा दर सांगायचा, ही ती पद्धत. पोपडे धरलेली भिंत ओली आहे हे कळायला यंत्र कशाला हवं? हाताचा तळवा पुरे. मीटरकडून हवं असतं ते दुसरंच. ओल कुठे सुरू होते, कुठे संपते, तिचा आकार कसा आहे आणि पाऊस थांबल्यावर ती उतरते की नाही. या चार गोष्टी मिळाल्या की कारणाच्या बरंच जवळ जाता येतं. त्यापुढचं काम पाण्याची नळी, ॲल्युमिनियम फॉइल आणि डोळे यांचं.

आधी यंत्राबद्दल. दोन पिनांमधून अगदी बारीक वीज जाते, मीटर त्या वाटेतला विद्युतरोध मोजतो आणि त्याचा टक्का करून दाखवतो. हा टक्का मुळात लाकडासाठी बसवलेला असतो. दाराच्या चौकटीत १८ टक्के दिसले तर त्याला अर्थ आहे. गिलाव्यात १८ दिसले म्हणजे वजनाच्या १८ टक्के पाणी आहे, असं अजिबात नाही. सिमेंटच्या गिलाव्यात वजनानं ५ टक्के पाणी म्हणजेसुद्धा चांगलीच ओल झाली. काही मीटरांवर बांधकामासाठी वेगळी मापपट्टी असते, तीही ढोबळच. म्हणून भिंतीवरचा आकडा एकटा कधी वाचू नये. त्याच घरातली, त्याच गिलाव्याची, पावसाशी संबंध नसलेली आतली एखादी भिंत घ्या, छातीच्या उंचीवर पाच ठिकाणी मोजा आणि तो आपला पाया धरा. आतली भिंत १२ दाखवत असेल आणि बाहेरची १४, तर काही बिघडलेलं नाही. आतली १२ आणि बाहेरची ३०, तर शोध सुरू करायचा.

पिना जेमतेम सेंटीमीटरभर असतात. म्हणजे मीटर बोलतो तो पुट्टी आणि गिलाव्याच्या वरच्या थराबद्दल; आतल्या चिऱ्याबद्दल, म्हणजे जांभ्याच्या दगडाबद्दल, नाही. गोव्यात ही मर्यादा फार महागात पडते, कारण इथली ओल बसलेली असते चिऱ्यात. जांभा म्हणायला दगड, पण पाणी प्यायच्या बाबतीत स्पंजाचा चुलतभाऊ. अंगभर भोकं, काही कोरडी, काही मातीनं भरलेली. जुन्या लोकांनी त्यावर चुन्याचा गिलावा चढवला, वर्षाच्या वर्षाला चुन्याचा हात दिला, पश्चिमेला पडवी ठेवली आणि मृगाआधी माडाच्या झावळांचे झाप बांधले, ते हौस म्हणून नव्हे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात उतरवला गेला. तेव्हापासून उघडा चिरा पाऊस खातोय आणि गिलावा परत करावा का, हा वाद चालूच आहे. आपली दोन मजली बंगली त्या भिंतींच्या पासंगालाही पुरत नाही. तिची भिंत बहुतेक एका चिऱ्याची, नऊ इंची, आणि वरचं छप्पर सपाट स्लॅबचं, छज्जा दीड फुटाचा.

मीटरला सगळ्यात जास्त फसवतं ते मीठ. रोध कमी झाला की आकडा वाढतो, आणि रोध पाण्यानंही कमी होतो, क्षारांनीही. किनाऱ्यालगतचं खारं वारं, खाडीतल्या भरतीच्या पाण्याची न धुतलेली रेती, जमिनीतून वर चढलेले क्षार, यांतलं काहीही गिलाव्यात असलं की साधारण कोरडी भिंतसुद्धा मीटरला चिंब वाटते. त्यात आणखी एक गंमत. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचं होतं तेच. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. म्हणून लोणा लागलेली भिंत पहिला जोराचा पाऊस पडायच्या आधीच, नुसत्या दमट हवेनं काळवंडते आणि घरातले म्हणतात, ‘यंदा लवकर झिरपायला लागलं.’ झिरपलेलं काही नसतं. अशा भिंतीला बाहेरून कितीही थर चढवले तरी आतला डाग जागचा हलणार नाही. तो खारट गिलावा चिऱ्यापर्यंत खरवडून काढूनच टाकावा लागतो.

मीठ आहे का हे घरी तपासता येतं. डागातला गिलावा चमचा-दोन चमचे खरवडा, तेवढाच चांगल्या भागातला घ्या. दोन्ही उन्हात कडकडीत वाळवा, सोनाराच्या छोट्या काट्यावर दोन्हींचं वजन करा आणि जुलैत दोन दिवस बशीत उघडे ठेवून परत वजन करा. डागातल्या भुकटीचं वजन चांगल्या भागातल्या भुकटीपेक्षा ठळक वाढलं, तर क्षार आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेत ओळख असेल तर आणखी सोपं: भुकटी ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळा, गाळा, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका, दह्यासारखा पांढरा साका आला की क्लोराइड.

आता मोजणी. भिंतीवर पेन्सिलीनं जाळी आखायची. जमिनीपासून १०, ३०, ६०, ९०, १२० आणि १५० सेंटीमीटर उंचीवर आडव्या रेघा, आडवं अंतर ३० सेंटीमीटर. खिडकीच्या भोवती आणि बीमच्या खाली जाळी दाट करायची. प्रत्येक खुणेवर पिना सारख्याच दाबानं, शक्यतो दोन्ही एका आडव्या रेषेत टोचायच्या आणि आकडा तिथेच भिंतीवर लिहायचा. वहीत लिहून नंतर चित्र काढू म्हटलं की ते चित्र निघत नाही. रंग ऑइलबाउंड असेल किंवा जाड प्लास्टिक इमल्शन असेल तर पिना रंगाच्या खाली पोचल्या पाहिजेत, नाहीतर रंगावरचा घाम मोजला जातो. सगळी मोजणी एका बैठकीत, दिवसाच्या एकाच वेळी. आणि एकदा नाही, तीनदा: भर पावसात, पाऊस उघडून पंधरा दिवस झाल्यावर, आणि एप्रिल-मेमध्ये. ज्याला एवढा धीर नाही त्यानं मीटर घेऊ नये, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

भिंतीवर लिहिलेले आकडे दोन पावलं मागे सरून बघितले की आकार दिसतो. खालच्या रेघेवर सगळीकडे जास्त, वर जाताना हळूहळू कमी, आणि साधारण मीटरभर उंचीवर आडवी, वेडीवाकडी पांढरट रेघ असेल तर पाणी जमिनीतून चढतंय. पण गोव्यातल्या नव्या घरांत खरी डीपीसी, म्हणजे जमिनीची ओल वर चढू नये म्हणून जोत्यावर घातलेला थर, फुटलेली क्वचितच सापडते. बहुतेकदा तिला वळसा घातलेला असतो. घर बांधलं तेव्हा जोतं दीड फूट होतं. मग अंगणात माती भरली, वर पेव्हर बसवले, रस्ता दोनदा डांबरून उंच झाला आणि बाहेरची जमीन डीपीसीच्या बरोबरीला आली. डीपीसीच्या खाली निदान १५ सेंटीमीटर उघडं जोतं दिसलंच पाहिजे. दिसत नसेल तर हजारो रुपयांची रसायनं भिंतीत भोकं पाडून भरण्याआधी फावडं घ्या. भिंतीलगत दोन-अडीच फूट रुंदीची फरशी, भिंतीपासून बाहेर उतार, म्हणजे दर मीटरला २ सेंटीमीटर. तुळशीवृंदावन, गुलाबाचे वाफे, भिंतीला चिकटून ठेवलेले चिरे आणि रेतीचे ढीग, सगळं हलवा. बाहेरचा गिलावा डीपीसीवरून थेट जमिनीत उतरवलेला असेल तर तो तेवढ्या पट्ट्यात तोडून घ्या, कारण पाणी त्याच वाटेनं वर येतं.

ठिपका गोल, मधे आकडा जास्त, कडेला कमी, आणि पावसाबरोबर चढउतार असेल तर पाणी आडवं येतंय. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतीवर हाच प्रकार जास्त, कारण झड तिकडूनच. आडवी सरळ रेघ बीमच्या तळाशी दिसली तर काँक्रीट आणि चिरा यांच्या सांध्यातली चीर. दोन्ही ऊन-पावसात सारखे हलत नाहीत आणि गिलावा करताना त्या सांध्यावर जाळी मारायची राहून गेली की दोन-तीन वर्षांत केसाएवढी फट पडतेच. छज्जाच्या वर भिंत ओली असेल तर छज्जावर पाणी तुंबतंय. छज्जाच्या खाली ओली असेल तर त्याच्या तळाची थेंबखाच नाही किंवा रंगानं बुजलीय, आणि पाणी तळाला चिकटून भिंतीपर्यंत सरपटत येतंय.

खिडकीजवळ मात्र जरा रेंगाळावं. ओल खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून मिशांसारखी खाली उतरत असेल तर भिंतीला दोष देण्याआधी सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीचा खालचा ट्रॅक बघा. ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला पाणी जायला भोकं असतात. त्यांत मुंग्यांची माती, रंगाचे थेंब, मेलेल्या पतंगांचे पंख भरतात. काही ठिकाणी तर बसवणाऱ्यानंच बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढताना ती बुजवून टाकलेली असतात. ट्रॅकमध्ये पेलाभर पाणी ओता. ते मिनिटभरात बाहेर पडलं पाहिजे. तुंबून राहिलं, तर जोराच्या झडीत तेच पाणी आतली कड ओलांडून किंवा चौकटीच्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकातून थेट चिऱ्यात जातं. भोकं खिळ्यानं मोकळी करा, पुन्हा पेला ओता. पाणी बाहेर येऊनही कोपऱ्यातला आकडा दुसऱ्या दिवशी चढला, तर चौकट आणि खालची ग्रॅनाइटची पट्टी यांच्यामधला सांधा फुटलाय. ती पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती आहे का तेही बघा. लेव्हल ठेवा, बुडबुडा आत झुकला की कळलं. शिवाय ती भिंतीच्या बाहेर थोडी पुढे आलेली आणि खालून खाच मारलेली हवी. नसेल तर खिडकीवर पडलेलं सगळं पाणी त्याच भिंतीच्या अंगावरून वाहतं. हे सगळं दुरुस्त करायला सुतार-ॲल्युमिनियमवाल्याचा अर्धा दिवस लागतो, परांची बांधून सगळी भिंत रंगवायला लागत नाही.

डाग मे महिन्यातही जराही उतरत नसेल तर तो बहुधा पावसाचा नव्हे. एक तर मीठ, नाहीतर पाइप. इथे लहान पिना निरुपयोगी. दोन स्टीलचे खिळे घ्या, टोकाचं एक सेंटीमीटर सोडून बाकी अंगावर इलेक्ट्रिशियनकडची गरम करून आवळायची नळी चढवा. भिंतीत ५ सेंटीमीटर अंतरानं दोन भोकं पाडा, ड्रिल अगदी हळू चालवा, कारण वेगानं भोक तापतं आणि कोरडं होतं. खिळे आधी ३ सेंटीमीटर खोल, मग ६, मग १० असे सरकवून मगर-चिमट्यांनी मीटरच्या पिनांना जोडा. पृष्ठभागावर आकडा जास्त आणि खोल गेल्यावर कमी, तर मीठ किंवा हवेतली वाफ. खोल गेल्यावर वाढत गेला, तर पाणी भिंतीच्या पोटातून येतंय. भोक पाडण्याआधी मेन स्विच बंद, म्हणून ड्रिल बॅटरीवरचं. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळांच्या रेषेत भोक नको.

पाइपची खात्री करायची तर टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीची खूण करा, रात्रभर एक नळ उघडू नका आणि सकाळी बघा. पलीकडे न्हाणीघर असेल तर ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं भोक, कापडानं बंद करून रंगीत पाणी इंचभर भरून दोन दिवस ठेवा.

वाफेचं पाणी गोव्यात आहेच, पण ते ओळखलं जात नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात पाऊस. खोलीत २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास. भिजून गार झालेली भिंत त्या पातळीच्या जवळ येते. त्यात घरात दोरीवर वाळत घातलेले कपडे, भाताचं पातेलं, बंद खिडक्या आणि भिंतीला चिकटवलेलं कपाट. एका खोलीत एसी २० अंशांवर रात्रभर चालत असेल तर पलीकडच्या बिनएसी खोलीच्या बाजूनं तीच भिंत काळी पडते. घाम फुटला नाही तरी बुरशीला तेवढा गारवा पुरतो. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन, सुटे पोपडे काढून, चारी बाजूंनी टेपनं बंद करून डागावर एक-दोन दिवस लावा. पाणी खोलीकडच्या बाजूवर जमलं तर वाफ, फॉइलच्या मागे जमलं तर भिंतीतलं. पाच रुपयांची ही चाचणी कधीकधी मीटरपेक्षा जास्त सांगते.

शेवटची कसोटी नळीची, आणि ती मार्च-एप्रिलमध्ये, भिंत कोरडी असताना. बागेची साधी नळी, फवारा मंद. गाडी धुवायचं प्रेशर मशीन नको, ते निरोगी भिंतीतूनही पाणी आत घालतं. सुरुवात तळापासून. खिडकी प्लास्टिकनं झाकून खालच्या मीटरभर पट्ट्यावर वीस मिनिटं पाणी, मग आतल्या खुणांवर मोजणी. मग वरचा पट्टा, मग खिडकीचा तळ, मग छज्जा, मग गच्चीची भिंत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच वाहतं आणि कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. चिरा पाणी लगेच पलीकडे देत नाही, म्हणून दोन टप्प्यांमध्ये एक रात्र जाऊ द्या. चार-पाच दिवस लागतात. या टप्प्यावर मात्र हा स्वस्त मीटर पैसे वसूल करतो. १३चा आकडा २२ झालेला डोळ्यांना दिसत नाही, पिनांना दिसतो.

पिनाशिवायचे, भिंतीवर नुसते टेकवायचे मीटर तिप्पट-चौपट किमतीला येतात. भिंतीला भोकं पडत नाहीत आणि फरशीवरूनही चालतात, पण आत सळई किंवा पाइप आला की आकडा उडी मारतो, आणि चिऱ्यातल्या पोकळ्यांवर हेलकावतो. भाड्यानं मिळणारा थर्मल कॅमेरा ओल दाखवत नाही, गारवा दाखवतो. गार भाग ओला असेलच असं नाही, पण कुठे टोचायचं हे ठरवायला झकास. खरा टक्का हवा असेल तर कार्बाइड मीटर: ड्रिलची भुकटी काही ग्रॅम मोजून बंद भांड्यात कॅल्शियम कार्बाइडबरोबर हलवायची, तयार होणाऱ्या ॲसिटिलीन वायूच्या दाबावरून पाणी कळतं. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळांत तो असतो. मीठ त्याला फसवत नाही. भांडं उघड्यावर, विस्तवापासून लांब उघडायचं.

आणि चवथ. गणपतीआधी रंग हवाच, हे गोव्यातलं अलिखित वेळापत्रक, आणि नेमकी तेव्हाच भिंत वर्षातली सगळ्यात ओली. त्या भिंतीवर जाड ॲक्रिलिक थर चढवला की आतलं पाणी कोंडतं आणि दिवाळीच्या उन्हात फुगे येतात. जाड भिंत वाळायचा ढोबळ हिशेब दर इंचाला एक महिना असा आहे. नऊ इंचाला नऊ महिने, आणि इथले कोरडे महिने ऑक्टोबर ते मे, जेमतेम आठ. त्यामुळे कारण सापडून दुरुस्त झाल्यावरही पहिल्या मेमध्ये आकडा पाया धरलेल्या आतल्या भिंतीएवढा उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. मागच्या मेपेक्षा उतरलाय का तेवढं बघा. चवथीला आत नुसता चुन्याचा हात द्या, भिंतीला श्वास घेता येतो आणि गणपतीलाही चालतं.

घेताना डिजिटल आकडा दाखवणाराच घ्या, नुसत्या हिरव्या-पिवळ्या-लाल दिव्यांचा नको. दिव्यांवरून जाळी भरता येत नाही. पिना बदलता येतील असा बघा, कारण समुद्राच्या हवेत त्या वर्षात गंजतात आणि गंजलेली पिन कमी आकडा दाखवते; मधूनमधून बारीक पॉलिश पेपर मारावा लागतो. टोपणात तपासणीचे दोन धातूचे ठिपके असतील तर पिना त्यांवर टेकवून ठरलेला आकडा येतो का ते दुकानातच बघा. बॅटरी उतरली की आकडे बिघडू शकतात, म्हणून एका मोसमाच्या तिन्ही मोजण्यांना प्रत्येक वेळी नवी घाला.